चूल सुधारताना: जळणाचा हिशेब वेगळा, धुराचा वेगळा

कोल्हापूर जिल्ह्यात गॅस घरोघरी पोचला तरी परड्यातली चूल विझलेली नाही. आंघोळीचे पाणी, भाकरी, जनावरांचे आंबोण, जत्रेचा मोठा स्वयंपाक, हे बहुतेक ठिकाणी अजून जळणावरच होते. अशी चूल सुधारायला घेताना सुरुवातीलाच एक गैरसमज आडवा येतो. जळण कमी लागले की धूरही आपोआप कमी होईल, असे गृहीत धरले जाते. तसे होतेच असे नाही.

उघड्या चुलीतसुद्धा लाकडातली जवळपास नव्वद टक्के उष्णता मोकळी होते. पण त्यातली जेमतेम दहा ते पंधरा टक्के भांड्यात उतरते, फार काळजीने जाळ घातला तर थोडी अधिक. बाकीची कडेने निघून जाते, भिंतीत मुरते किंवा वाऱ्यावर जाते. म्हणजे जळण वाया जाते ते मुख्यतः उष्णता भांड्याला न लागल्यामुळे. धूर मात्र न जळलेल्या उरलेल्या भागाचा असतो. म्हणून कामे दोन आहेत: उष्णता भांड्याला नीट लावली की जळण वाचते, ज्वाळेला ऊब, हवा आणि पूर्ण जळायला जागा दिली की धूर घटतो. पातेले ज्वाळेत खाली बसवले तर जळण वाचेल, पण गार बुडाला टेकून ज्वाळा अर्धवट विझेल आणि काजळी वाढेल. पुढच्या प्रत्येक बदलात ही ओढाताण आहे, म्हणून प्रत्येक बदलानंतर दोन्ही गोष्टी तपासायच्या.

आधी मोजून ठेवा

चुलीला हात लावण्यापूर्वी ती आज किती जळण खाते ते माहीत हवे. त्यासाठी पाच किलोचा डिजिटल वजनकाटा, प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारा ११० अंशांपर्यंतचा तापमापक आणि नेहमीचे पातेले एवढे पुरते.

पातेल्यात ५ लिटर पाणी घ्या, तापमान लिहून ठेवा. जळण तोलून वेगळे काढा. चूल पेटवा आणि पाणी खळखळेपर्यंत नेहमीसारखा जाळ घाला. समुद्रसपाटीपासून कोल्हापूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. तापमापक १०० वर जायची वाट पाहत बसू नका. उकळी आली की लाकडे ओढून विझवा, त्यांचे निखारे झाडून पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा. उरलेले लाकूड आणि कोळसा वेगवेगळा तोला. कोळशात वजनाच्या मानाने लाकडाच्या जवळपास दुप्पट उष्णता असते, म्हणून ६० ग्रॅम कोळसा उरला तर जळालेल्या लाकडातून १२० ग्रॅम वजा करायचे.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी लागते. २५ अंशांचे ५ लिटर पाणी ९८ ला न्यायला ३६५. चांगल्या वाळलेल्या लाकडात किलोमागे सुमारे ३,७०० किलोकॅलरी असतात. ६०० ग्रॅम जळाले तर २,२२० खर्च झाल्या आणि चुलीची कार्यक्षमता सोळा टक्क्यांच्या जवळ आली. तेच काम ४०० ग्रॅममध्ये झाले तर ती पंचवीसच्या जवळ जाते.

चाचणी गार चुलीवर एकदा आणि लगेच तापलेल्या चुलीवर एकदा करा. असे तीन वेगवेगळ्या दिवशी करा, कारण वारा, जळण आणि जाळ घालणारा हात यांनी आकडे हलतात. तीन चाचण्यांत आपापसातच १०० ग्रॅमचा फरक पडत असेल, तर नंतर दिसलेली ५० ग्रॅमची बचत खरी धरू नका. धुरासाठी घड्याळ लावून किती मिनिटे धूर डोळ्यांना दिसला एवढे लिहून ठेवा. कच्चे माप आहे, पण बदल कळायला पुरते.

जळण: सगळ्यात स्वस्त सुधारणा

ताज्या तोडीच्या लाकडात जवळपास निम्मे वजन पाण्याचे असते. असे २ किलो लाकूड चुलीत घातले, तर त्यातले १ किलो पाणी वाफ करून उडवायलाच ६०० किलोकॅलरी जातात. एवढ्यात पातेल्यातले ८ लिटर पाणी उकळले असते. त्याहून वाईट म्हणजे ही वाफ ज्वाळा थंड करते. लाकडातून निघणारा धूर हा खरे तर जळाऊ वायू आहे. तो पेटायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागते. ते नसले की तो तसाच डोळ्यांत आणि छातीत जातो.

बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी काहीही असो, ओंडका न फोडता ठेवला तर आतून वाळतच नाही. अंगठ्याएवढ्या, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या आणि हातभर लांबीच्या फाळ्या करा. विटांवर, जमिनीपासून वर रचा. माथ्यावर पत्रा, बाजू उघड्या. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. वाळले की नाही हे वाजवून कळते, पण काट्यावर पक्के कळते: चार फाळ्यांवर खूण करा आणि दर आठवड्याला तोला. वजन उतरायचे थांबले की जळण तयार. मार्च ते मेच्या उन्हात फोडलेल्या फाळ्यांना दोन-अडीच महिने पुरतात. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पट्ट्यात मृग निघायच्या आत पावसाळ्याचे सगळे जळण छपराखाली यायलाच हवे. तिथे जुलैत लाकूड वाळत नाही, उलट हवेतली ओल ओढून घेते. तेव्हा दुसऱ्या दिवसाच्या फाळ्या चुलीच्या कडेला, जाळापासून हातभर लांब ठेवा.

उसाचे चिपाड घाण्यातून निघते तेव्हा निम्मे पाणीच असते. उन्हात कडक वाळले की झटकन पेटते, पण हलके असल्याने तितकेच झटकन संपते. पेटवायला ते उत्तम; स्वयंपाक त्यावर करायचा तर घट्ट जुड्या बांधून एकामागून एक सारायला लागतात. मोठा ढीग कोंबला की ज्वाळा दबून पिवळट धूर सुटतो. गुऱ्हाळात चुलवाणापाशी बसणारा माणूस चिपाड थोडे थोडे पण न थांबता टाकत राहतो, ती पद्धत घरच्या चुलीलाही तितकीच लागू आहे. दाणे काढलेली मक्याची कणसे, तुराट्या आणि करवंट्या चांगल्या जळतात. शेणीत राख फार, वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. त्या मंद धुमसतात आणि जाळी तुंबवतात. एकट्या शेणीवर चूल न चालवता लाकडाच्या जाळात एखादे खांड घाला. पाचट मात्र चुलीत घालू नका. ठिणग्या उडतात, आणि उसाच्या सरीत आच्छादन म्हणून त्याचा उपयोग कितीतरी जास्त आहे. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड आणि प्लॅस्टिक यांचा धूर विषारी असतो, पेटवणीपुरतेही नको.

जाळी आणि तोंड

मातीच्या चुलीत लाकूड राखेवर पडून जळते. खालून हवा मिळत नाही, म्हणून फुंकणी लागते. फुंकणी वारंवार उचलावी लागणे हे जाळी नसल्याचे किंवा तुंबल्याचे लक्षण समजा.

बिडाची जाळी कोल्हापूर शहरातल्या शिवाजी उद्यमनगरात मापाने मिळू शकते. नाहीतर ८ ते १० मिलिमीटरचे गज एक-एक सेंटिमीटर अंतर सोडून फॅब्रिकेटरकडून जोडून घ्या. पातळ पत्र्याला भोके पाडून केलेली जाळी थोड्याच दिवसांत वाकते आणि जळून जाते. जाळीखाली ४ ते ५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा आणि ती दर वेळी पेटवण्यापूर्वी साफ करा. इथे राख भरली की जाळी असून नसल्यासारखी.

जाळी बसवली की जाळ तेवढा वर येतो, हे बऱ्याचदा लक्षातून सुटते. जाळी आणि भांड्याचे बूड यात किमान १५ सेंटिमीटर राहिले पाहिजे. कमी झाले तर चुलीच्या कडा विटेने वर उचला, नाहीतर जळण वाचेल आणि काजळी दुप्पट होईल.

जुन्या चुलीचे तोंड गरजेपेक्षा बरेच मोठे असते. लाकडावरून आत शिरणारी गार हवा जाळात मिसळून त्याला थंड करते. वरचा भाग विटेच्या तुकड्याने आणि मातीने बुजवा. जळण जाळीच्या पातळीवर एका पत्र्याच्या फळीवर टेकवा, म्हणजे फळीवरून लाकूड आणि फळीखालून हवा जाईल. ती हवा निखाऱ्यांतून तापून वर येते. त्याने होणारा फरक पहिल्याच पेटवणीत दिसतो.

फट: इथे सगळ्यात जास्त जळण वाचते

चुलीच्या कडेवरच्या तीन उंचवट्यांमुळे भांडे आणि कड यांत जी फट पडते, तिच्यातून गरम वायू बाहेर जातो. फट मोठी असेल तर तो बुडाला न घासता निसटतो. फारच लहान असेल तर जाळ गुदमरतो आणि धूर तोंडातून बाहेर येतो.

माप काढायचा नियम असा: वायूला चुलीतून वर यायला जितकी जागा आहे, तितकीच फटीतही मिळावी. चुलीचा आतला व्यास १२ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटिमीटर होते. २४ सेंटिमीटरच्या पातेल्याचा घेर ७५. ११३ ला ७५ ने भागले की दीड सेंटिमीटर. पातेल्याच्या बाहेरच्या कडेपाशी एवढी फट हवी. आतल्या ओठापाशी घेर लहान, म्हणून तिथे ३ सेंटिमीटर लागते. म्हणजे चुलीचा माथा सपाट न ठेवता आतून बाहेर हलका चढता, उथळ ताटलीसारखा लिंपायचा. सुरुवात थोड्या जास्त फटीने करा आणि पाण्याची चाचणी घेत थोडी थोडी कमी करत न्या. तोंडातून धूर परतू लागला की एक पाऊल मागे.

बुडाखालून निघालेला वायू अजून गरमच असतो. त्याला पातेल्याच्या अंगाला घासत वर न्यायचे तर भोवती पत्र्याचे कडे लावा, अंतर दीड सेंटिमीटर, उंची पातेल्याच्या निम्म्याहून जास्त. पातेले या कड्यात अलगद उतरावे. अडचण ही की एक कडे एकाच मापाच्या भांड्याला चालते. रोज सगळ्यात जास्त वेळ चढणारे भांडे निवडा आणि कडे फक्त त्यासाठी करा. भाकरीच्या तव्याला ते लागत नाही.

बंब

आंघोळीच्या पाण्याचा खर्च आधी पाहू. चार माणसांना प्रत्येकी १५ लिटर, म्हणजे ६० लिटर पाणी २२ वरून ४२ अंशांवर न्यायला १,२०० किलोकॅलरी. पंधरा टक्क्यांच्या चुलीवर यासाठी रोज २ किलो १५० ग्रॅम लाकूड लागते, तीस टक्के असेल तर साधारण १ किलो १०० ग्रॅम.

बंबात ज्वाळेभोवती चारही बाजूंनी पाणी असते, म्हणून तो जळणाच्या बाबतीत उघड्या चुलीवरच्या हंड्यापेक्षा सरस. पण त्याच कारणाने तो धूर जास्त करतो: मधल्या नळीच्या गार भिंतीला लागून ज्वाळा पूर्ण जळण्याआधीच विझते. म्हणून बंब न्हाणीच्या आत कधीच पेटवू नये, छपराच्या कडेला बाहेर ठेवावा. नळी लाकडांनी तोंडापर्यंत भरू नका. आधी चिपाडाने किंवा काटक्यांनी नळी तापवा, मग वीतभर लांबीचे बारीक तुकडे दोन-तीन असे टाकत रहा. नळी निम्म्याहून जास्त कधी भरू नये. खालची राख रोज काढा. नळीच्या आत काजळीचा थर साचला की उष्णता पाण्यात उतरत नाही, तेव्हा आठवड्यातून एकदा तारेचा ब्रश फिरवा. बोअरचे जड पाणी असेल तर आतून क्षारांचा थरही धरतो, तो वेळोवेळी काढून घ्यावा लागतो.

पाणी कडकडीत उकळून मग गार पाणी मिसळण्यापेक्षा जास्त पाणी कमी तापवणे बरे. भांडे जितके गार, तितकी उष्णता त्यात लवकर शिरते आणि बाहेर कमी जाते.

नवी चूल बांधायची असेल तर

जाड मातीच्या भिंती उष्णता पिऊन घेतात. पहिली वीस-तीस मिनिटे चूल स्वतःच तापत असते. सकाळी अर्धा तास पेटणाऱ्या चुलीला हे फार महागात पडते. म्हणून जाळाच्या भोवती हलके, पोकळ साहित्य हवे.

नवख्यांना जमेल अशी रचना म्हणजे इंग्रजी एलच्या आकाराची चूल. पंधरा किलोचा रिकामा चौकोनी तेलाचा डबा घ्या. आत १२ सेंटिमीटर व्यासाची, खालपासून वरपर्यंत ३० सेंटिमीटर उंचीची उभी नळी आणि तिला तळाशी जोडलेले १२ सेंटिमीटरचे आडवे तोंड बसवा. नळी भाजक्या मातीची असावी. कुंभाराकडून मापाने करून घेता येते. नळी आणि डबा यांच्यामधल्या जागेत चाळलेली कोरडी राख भरा. भाताच्या तुसाची राख असेल तर फारच छान. ओली राख किंवा वाळू भरू नका, वाळू उष्णता शोषते. माथा मातीने लिंपा आणि वर सांगितल्याप्रमाणे फट ठेवा.

हलक्या विटा स्वतः करायच्या असतील तर वजनाने दोन भाग सुकी चिकणमाती आणि एक भाग लाकडाचा भुसा मळून साच्यात घाला, सावलीत सावकाश वाळवा आणि कुंभाराच्या आव्यात भाजून घ्या. भुसा जळून जातो, वीट सच्छिद्र होते. या विटा ठिसूळ असतात. लाकूड आदळून तुटू नये म्हणून आडव्या तोंडाच्या तळाला साधी वीट घाला. सिमेंट जाळाजवळ कुठेही नको, ते तडकून सुटते.

अशा चुलीत भाकरीची अडचण येते, ती आधीच सांगायला हवी. जुन्या चुलीपुढे निखारे ओढून भाकरी टम्म फुगवता येते. या चुलीत निखारे बाहेर काढायला जागाच नाही. सुधारित चुली कोपऱ्यात पडून राहण्यामागे हे साधे कारण अनेकदा असते. तवा उतरवून नळीच्या तोंडावर जाड तारेची जाळी ठेवली तर ज्वाळेवर भाकरी फुगते. घरात जी भाकरी थापते तिने हे करून पाहिल्याशिवाय जुनी चूल मोडू नका.

जाळ घालताना

लाकडांची फक्त टोके जळायला हवीत. टोके जळली की पुढे सारा. एका वेळी तीन-चार फाळ्या, मध्ये थोडी फट. मोठी ज्वाळा भांड्याच्या कडेने वर येऊ लागली की एक फाळी मागे ओढा, ती उष्णता स्वयंपाकाला मिळत नाही. झाकण ठेवा, डाळ आणि कडधान्य भिजवून घ्या, उकळीनंतर जाळ निम्मा करा. उकळते पाणी जोरात खळखळले म्हणून जास्त गरम होत नाही.

पांढुरका दाट धूर म्हणजे ज्वाळा विझली आहे आणि लाकूड नुसते धुमसते आहे. मूठभर काटक्या टाकून ज्वाळा परत आणा. काळा धूर आणि चिकट काजळी म्हणजे जळण जास्त, हवा कमी किंवा भांडे फार खाली. निखाऱ्यांचा ढीग वाढत गेला तर जाळीखाली पहा.

स्वयंपाकघरातली हवा

चांगली चूलही धूर शून्यावर आणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अतिसूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली, आपल्याकडची मर्यादा ६० आहे. बंद खोलीत लाकूड जाळून यातली कुठलीही गाठणे अवघड आहे. घरात गॅस असेल तर आतला स्वयंपाक गॅसवर आणि पाणी तापवणे परड्यात, ही विभागणी सगळ्यात चांगली. चूल आतच असेल तर तिच्या वर, छताजवळ, धूर जायला झरोका हवा. समोरची खिडकी एकटी पुरत नाही.

धुराडे बसवायचे तर १० सेंटिमीटर व्यासाचा नळ छपराच्या वर नेऊन त्याला टोपी घाला. धुराड्याच्या चुलीत मात्र वर सांगितलेली फट नको, भांडे भोकात घट्ट बसले पाहिजे, नाहीतर धुराडे कडेची गार हवा ओढते आणि जाळ मरतो. ओढ फार असेल तर उष्णताही वर जाते, म्हणून नळात सरकता पत्रा ठेवा. १९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमातल्या कित्येक चुली मापे चुकल्याने आणि धुराडी न झाडल्याने निकामी झाल्या. महिन्यातून एकदा धुराडे झाडणे हे चुलीचेच काम समजा.

निखाऱ्यांना धूर नसतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. थंडीत उबेसाठी निखाऱ्यांची घमेली घेऊन दारे लावून झोपणे जिवावर बेतते.

विकतची चूल घेताना आयएस १३१५२ हे मानक विचारा. २०१३ च्या आवृत्तीनुसार पंख्याविना चालणाऱ्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते. भांड्यात पोचलेल्या प्रत्येक मेगाज्यूल उष्णतेमागे कणांची मर्यादा पहिलीला ३५० आणि दुसरीला १५० मिलिग्रॅम आहे. पंख्याची चूल धुराला खरोखर चांगली, पण तिच्या अनेक प्रकारांत जळण बोटभर तुकड्यांत लागते आणि मध्येच लांब लाकूड सारता येत नाही. तुकडे करायला घरात कोणाला वेळ आहे का, ते आधी पहा.

पावसाळ्यापूर्वी चुलीच्या भेगा शेण-मातीने बुजवा, वाकलेला गज बदला, झिजलेले उंचवटे पुन्हा मापाने उभे करा. लिंपताना फट हळूहळू बुजत जाते, म्हणून दीड सेंटिमीटर जाडीची एक लाकडी पट्टी चुलीजवळ टांगून ठेवा आणि दर लिंपणानंतर ती फटीतून फिरवून बघा.